हजेरीपटावरचे नाव

विधानसभेवर बोला, असे आकाशवाणीतल्या स्नेह्यांनी सुचवले तेव्हा मी हसलो. म्हटले, "अहो, मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. झालो तेही मराठी घेऊन. राज्यशास्त्राशी माझा संबंध एका पेपरापुरता." ते म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला सांगतोय. कोण निवडून आला आणि कोण पडला हे लोक रोज वाचतात. सभागृहात झालेले एखादे काम तुमच्या घरापर्यंत कसे पोचले, एवढेच सांगा."

घरापर्यंत पोचलेले काम म्हटल्यावर मला विचार करावा लागला नाही. ते काम माझ्या आईच्या पत्र्याच्या पेटीत कित्येक वर्षे घडी घालून ठेवलेले होते. त्या घडीकडे मी शेवटी येईन. आधी थोडे मागे जाऊ या.

माझे गाव माणदेशातले. पाऊस आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच निघून जातो. घर आमचे पिंजाऱ्याचे. अब्बा खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे, लोकांच्या गाद्या उसवून कापूस पिंजून द्यायचे. सुगी झाली, लेकीचे लग्न ठरले की माणसे नवी गादी भरतात. सुगीच नसेल तर जुन्या गादीवर किंवा नुसत्या घोंगडीवरही रात्र निघते. त्यामुळे दुष्काळात शेतकऱ्याच्या आधी आमची चूल गार व्हायची.

१९७२चा दुष्काळ पडला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. त्या दिवसांतल्या तीन-चार गोष्टीच मला आठवतात. एक, लाल मिलोची भाकरी, जी तव्यावरून काढतानाच तुटायची. दुसरी, कामावर मुलांना मिळणारी सुकडी. ती गोड असे, म्हणून आम्हा पोरांना दुष्काळ फारसा वाईट वाटत नव्हता. आणि तिसरी, अम्माच्या डाव्या हाताचे काळेनिळे पडलेले नख. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे. पिंजाऱ्याच्या घरची बाई त्याआधी कधी हातोडी धरून उन्हात बसली नव्हती. पहिल्या आठवड्यात हातोडी दगडावर कमी आणि बोटावर जास्त बसली.

त्या कामावर संध्याकाळी मुकादम मस्टर घेऊन बसायचा. मस्टर म्हणजे हजेरीपट. अम्माचे नाव त्याने कधी विचारले नाही. सगळा गाव तिला 'पिंजारीण' म्हणायचा, त्यानेही तेच लिहिले. अम्माला वाचता येत नव्हते, त्यामुळे आपण कागदावर कोण आहोत हे तिला माहीत नव्हते. आठवड्याच्या शेवटी 'पिंजारीण' अशी हाक आली की ती उठायची, अंगठा उठवायची आणि पैसे घ्यायची.

त्या वेळी राज्यात दुष्काळी कामांवर किती माणसे होती? मे १९७३मध्ये जवळजवळ पन्नास लाख. पन्नास लाख माणसे उन्हात खडी फोडत होती, नाले अडवत होती, ताली घालत होती. त्यांत एक माझी आई होती.

आता मुंबईकडे जाऊ. मार्च १९७२मध्ये महाराष्ट्राची नवी विधानसभा निवडून आली. तेव्हा विधानसभेच्या जागा २७० होत्या. २८८ झाल्या त्या पुढच्या, १९७८च्या निवडणुकीपासून. २७० पैकी २२२ जागा एकट्या काँग्रेसच्या होत्या. शेतकरी कामगार पक्षाचे ७ आणि जनसंघाचे ५ आमदार होते. समाजवादी, कम्युनिस्ट, रिपब्लिकन यांचे प्रत्येकी दोन-तीन, शिवसेनेचा अवघा एक आणि बाकी बहुतेक अपक्ष. सात आमदारांच्या शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील हे विरोधी पक्षनेते होते. सातजणांनी दोनशे बावीसजणांना प्रश्न विचारायचे, असा तो सामना होता.

हे सभागृह नरिमन पॉइंटच्या आजच्या विधान भवनात भरत नव्हते. ती इमारत १९८१ साली वापरात आली. त्याआधी विधिमंडळ कुलाब्याकडच्या जुन्या दगडी इमारतीत बसायचे, जिथे आज राज्याच्या पोलीस महासंचालकांचे कार्यालय आहे. हिवाळ्यात सारा लवाजमा नागपूरला जायचा. अध्यक्ष होते शेषराव वानखेडे. त्यांचे नाव क्रिकेटच्या मैदानामुळे लहान मुलांनाही ठाऊक आहे. ते मैदान उभे राहिले तेव्हा ते विधानसभेच्या अध्यक्षपदावरच होते. सभासदांत तरुण शरद पवार होते. पुढे २००७ साली राष्ट्रपती झालेल्या प्रतिभा पाटील होत्या. पुढे १९८०मध्ये मुख्यमंत्री झालेले कोकणातले अ. र. अंतुले होते. आणि विरोधी बाकांवर मृणाल गोरे होत्या, ज्यांना मुंबईच्या उपनगरांतल्या बायका 'पाणीवाली बाई' म्हणत. हंडा, लाटणे आणि थाळी ही स्वयंपाकघरातली वस्तू मोर्च्यात आणणाऱ्या बायकांच्या पुढे त्या असत.

या सभागृहाचे आयुष्यही विचित्र. लोकांनी ते पाच वर्षांसाठी निवडले होते. आणीबाणीत बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली आणि विधानसभांची मुदत पाचाची सहा वर्षे झाली. त्यामुळे १९७७ साली ज्यांनी लोकांपुढे हात जोडायचे, त्यांनी ते फेब्रुवारी १९७८मध्ये जोडले. या सहा वर्षांत तीन मुख्यमंत्री झाले. आधी वसंतराव नाईक, फेब्रुवारी १९७५पासून शंकरराव चव्हाण, मे १९७७पासून वसंतदादा पाटील.

आता ज्या कामासाठी मी बोलायला बसलो आहे त्याकडे वळतो. ते काम म्हणजे रोजगार हमी.

याची सुरुवात विधानसभेत झाली नाही, हे आधी सांगायला हवे. ती झाली शेजारच्या सभागृहात, आणि तीही बाकांवरून नव्हे, तर सभापतींच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या मनात. विठ्ठल सखाराम पागे १९६०पासून १९७८पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीने सभागृहात वादात पडायचे नसते. पण खेड्यातल्या माणसाला काम कसे देता येईल, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करून होता. त्यांचे गाव सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले विसापूर. १९६९ साली तिथे आणि आसपासच्या काही गावांत प्रयोग झाला. जो काम मागेल त्याला काम द्यायचे. कामही असे की गावाच्या उपयोगी पडेल. वसंतराव नाईकांच्या सरकारने ती कल्पना उचलली आणि १९७२मध्ये राज्यासाठी रोजगार हमी योजना जाहीर झाली. तेवढ्यात दुष्काळाने गाठले, आणि योजनेऐवजी सरसकट दुष्काळी कामेच निघाली. दुष्काळ सरल्यावर योजना पुन्हा उभी राहिली.

योजना म्हटली की पैसा आला. इथे या सभागृहाने जे केले ते मला फार महत्त्वाचे वाटते. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. आजही नोकरदार माणसाच्या पगारपत्रकात 'व्यवसाय कर' अशी एक ओळ असते. महिन्याला दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, असे कापून वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार. सुरुवातीला ही मर्यादा वर्षाला अडीचशेची होती. तो कर रोजगार हमीसाठी लावला गेला. जुन्या शिक्षण कराच्या कायद्यालाही रोजगार हमी कर जोडला गेला. लोकांकडून जेवढा कर येईल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी रचना होती.

मी स्वतः पुढे नोकरीला लागलो तेव्हा पगारपत्रकातली ती ओळ पाहून सहकाऱ्यांबरोबर मीही कुरकुरत असे. ती ओळ आणि अम्माची हातोडी यांचे नाते मला कळायला बरीच वर्षे लागली. मुंबईत पंख्याखाली बसून काम करणाऱ्याच्या पगारातले थोडे पैसे माणदेशातल्या उन्हात काम करणाऱ्या बाईपर्यंत जावेत, हे कुणीतरी सभागृहात उभे राहून मांडले होते. शहरातले मतदार नाराज होतील हे माहीत असूनही ते मंजूर झाले होते.

याच सभागृहाने आणखीही बरेच केले. शेतजमिनीची कमाल मर्यादा खाली आणली. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून १९७४चा कायदा केला. लहान शेतकरी, शेतमजूर यांना सावकारी कर्जातून सोडवणारा १९७५चा कर्जमुक्तीचा कायदा केला. यांतले किती प्रत्यक्षात उतरले, यावर वाद घालता येईल. पण कागदावर तरी तो काळ गरिबाच्या बाजूचा दिसतो.

आणि तरीही, मित्रहो, मी या सभागृहाची आरती करायला बसलेलो नाही. कारण याच सभागृहाची दुसरी आठवणही आमच्या घरात आहे.

जून १९७५मध्ये आणीबाणी आली. विरोधी पक्षांची कितीतरी माणसे तुरुंगात गेली. मृणाल गोरे आधी भूमिगत होत्या, मग पकडल्या गेल्या. ज्या सभागृहात विरोधक आधीच मूठभर होते, तिथली मूठही रिकामी होऊ लागली. आणि १९७६मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक विधेयक मंजूर केले. ज्यांना तीन मुले आहेत त्यांच्यावर सक्तीने नसबंदी करण्याचे. असे विधेयक मंजूर करणारे हे देशातले एकमेव राज्य. ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेले, ती संमती मिळाली नाही, आणि त्याचा कायदा झाला नाही.

पण खेड्यात विधेयक कुठले आणि कायदा कुठला, हे कोण समजावून सांगणार? आम्ही चार भावंडे. सरकारी जीप गावाच्या वाटेला धुरळा उडवताना दिसली की अब्बा मागच्या दाराने ज्वारीच्या रानात शिरायचे. एकटे अब्बाच नव्हे. पाटलाचा चुलतभाऊ, न्हावी, वाणी, महारवाड्यातले दोघे असे सगळे एकाच रानात. त्या रानात जातपात आणि धर्म उरला नव्हता, असे अब्बा नंतर हसत सांगायचे. पण त्या वेळी ते हसत नव्हते. अंधार पडल्यावर घरी यायचे, आणि अंगाला लागलेली ज्वारीची कूस अम्मा ओल्या फडक्याने पुसायची. मी नऊ वर्षांचा होतो. बापाला घाबरलेला बघणे ही गोष्ट मुलगा विसरत नाही.

तेव्हा सभागृह एकच, माणसेही बहुतेक तीच. एका विधेयकात त्यांनी माझ्या आईला काम मागण्याचा अधिकार दिला आणि दुसऱ्यात माझ्या बापाच्या शरीराचा निर्णय स्वतःकडे घेऊ पाहिला. या दोन गोष्टींची संगती कशी लावायची, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला सुचलेले उत्तर साधे आहे. पहिल्या कामाला कित्येक वर्षे लागली. त्यात प्रयोग झाला, मोर्चे निघाले, विरोधकांनी प्रश्न विचारले, लोक ओरडले, पैसा कुठून आणायचा यावर डोकेफोड झाली. दुसरे काम झाले तेव्हा ओरडणारे तुरुंगात होते आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. सभासद बदलले नव्हते. त्यांना अडवणारे कुणी उरले नव्हते.

मार्च १९७७मध्ये लोकसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी आपले उत्तर दिले. त्यानंतरच्या काही महिन्यांत, शेवटच्या वर्षात, या सभागृहाने आपले सर्वांत चांगले काम पुरे केले. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७. दोन्ही सभागृहांनी तो एकमताने मंजूर केला. त्या वेळी मुख्यमंत्री वसंतदादा होते आणि विरोधी पक्षनेते होते आमच्या माणदेशातल्याच सांगोल्याचे गणपतराव देशमुख, जे १९७२ची निवडणूक हरून १९७४च्या पोटनिवडणुकीत निवडून आले होते. कायद्याचा अंमल सुरू झाला २६ जानेवारी १९७९पासून, तेव्हा शरद पवारांचे पुलोद सरकार होते. म्हणजे नाईकांच्या काळात योजना आली, शेवटी पुलोदने कायदा लागू केला, आणि मधल्या उलथापालथीत कुणी ते काम मोडले नाही. आजच्या राजकारणाकडे पाहताना मला ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते.

तुम्ही विचाराल, योजना तर आधीपासून होतीच, मग कायद्याने काय झाले? इथेच खरी मेख आहे. योजना ही शासन निर्णयाने चालते. एका निर्णयाने आली तर दुसऱ्या निर्णयाने जाऊ शकते. पैसे नाहीत, असे सांगून थांबूही शकते. कायदा थांबवायचा तर सभागृहात येऊन, सगळ्यांसमोर, हात वर करून थांबवावा लागतो. आपल्या राज्यघटनेच्या एकेचाळिसाव्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत. त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. महाराष्ट्राने त्या तत्त्वाला अंगठ्याच्या ठशाची किंमत दिली. ग्रामीण भागातल्या ज्या प्रौढ माणसाला अंगमेहनतीचे काम हवे असेल त्याने ते मागायचे. मागितल्यापासून पंधरा दिवसांत सरकारने द्यायचे. नाही दिले तर बेकार भत्ता द्यायचा. बाई आणि पुरुष यांना कामाच्या मापाप्रमाणे सारखा दर. आणि नवे काम काढायला किमान पन्नास मजूर पाहिजेत.

ही पन्नासाची अट मला चांगली लक्षात आहे, कारण ते पन्नास मोजणारा मीच होतो.

१९८०च्या उन्हाळ्याआधीची गोष्ट. मी सातवीत होतो. पाऊस पुन्हा पाठ फिरवून गेला होता. गावात एक शिक्षक होते, त्यांनी बायकांना कायदा समजावून सांगितला. 'मागेल त्याला काम' हे भिंतीवर लिहिलेले सगळ्यांनी पाहिले होते. पण 'मागेल' या शब्दाचा अर्थ अर्ज करायचा, हे कुणाला ठाऊक नव्हते. अम्मा घरी आली आणि मला म्हणाली, "दफ्तर काढ. तुझ्या अक्षराला मास्तर चांगलं म्हणतात ना? मग लिही."

आमच्या घरात दखनी बोलतात, बाहेर मराठी. अर्ज मराठीतच लिहायचा होता. या राज्याचा कारभार मराठीत चालावा, असा कायदा आधीच्या एका विधानसभेने १९६४ साली केला होता, म्हणून पिंजाऱ्याच्या सातवीतल्या पोराला सरकारशी बोलता येत होते. लोक मला विचारतात, तुम्ही मुसलमान असून मराठीत कसे लिहायला लागलात? मी त्यांना सांगतो, मी आधी अर्ज लिहायला लागलो, कविता नंतर आल्या.

वहीच्या पानावर मी नावे लिहीत गेलो. एकेक बाई ओसरीवर यायची, नाव सांगायची, अंगठा उठवायची. अम्माच्या वेळी मी सवयीने 'पिंजारीण' लिहिणार होतो. तिने हात धरला. म्हणाली, "माझं नाव लिही. खरं नाव." मी तिचे नाव लिहिले, पुढे अब्बांचे, मग आडनाव. कागदावर ते तीन शब्द एका ओळीत मी पहिल्यांदा पाहिले. तिने बराच वेळ त्या ओळीकडे पाहिले, वाचता येत नव्हते तरी.

सत्तेचाळीस नावे झाली आणि थांबली. तीन कमी पडत होती. घरंदाज म्हणवणाऱ्या बायका खडीच्या कामाला नाव द्यायला तयार नव्हत्या. दुसऱ्या रात्री, जेवणे झाल्यावर, गावातल्या मोठ्या वाड्यातली नवऱ्याने टाकलेली लेक डोक्यावरून पदर ओढून आली. तिच्याबरोबर तिची विधवा चुलती. दोघींनी सही केली. त्यांना लिहिता येत होते. जाताना एवढेच म्हणाल्या, "भावाला आत्ताच सांगू नका." पन्नासावे नाव सत्तरी उलटलेल्या एका आजीचे होते. शिक्षक म्हणाले, आजीला काम झेपेल का? आजी म्हणाली, "पोरं सांभाळीन की. पाळणाघर पण असतंय म्हनं कायद्यात."

अर्ज घेऊन आम्ही कचेरीत गेलो. मी, अम्मा आणि सात-आठ बायका. कारकुनाने अर्ज घेतला आणि म्हणाला, "ठेवून जा." शिक्षकांनी आम्हाला एक गोष्ट पढवून पाठवले होते: पोच घ्यायची. पोचेवर तारीख असते, आणि पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. पोच नाही तर तुम्ही काम मागितलेच नाही. अम्मा म्हणाली, "साहेब, पोच द्या." तो म्हणाला, "कसली पोच? अर्ज घेतला ना?" अम्मा काही बोलली नाही. बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. बाकीच्याही बसल्या. दुपार झाली, कारकून जेवून आला, बायका तिथेच. एकीने भाकरी सोडली, सगळ्यांनी चतकोर-चतकोर खाल्ली. कुणी घोषणा दिली नाही की भांडण केले नाही. पाच वाजायला आले तेव्हा आतून हाक आली, "ए पोरा, इकडे ये." त्याने दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, तारीख टाकली, सही केली आणि कागद माझ्याकडे जवळजवळ फेकला.

बाहेर आल्यावर अम्माने पहिला प्रश्न विचारला, "पोच लिया क्या?" मी कागद दाखवला. तिने शिक्क्यावरून बोट फिरवले, शाई ओली होती, बोटाला लागली.

काम निघाले. पंधराव्या दिवशी नाही, एकोणिसाव्या दिवशी. मधल्या चार दिवसांचा भत्ता, रुपया रोज का होईना, कुणाला मिळाला नाही, आणि तो मागायला पुन्हा व्हरांड्यात बसण्याइतकी ताकद कुणात नव्हती. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव झाला. पहिल्या दिवशी नवा मुकादम मस्टर भरायला बसला, अर्जाच्या यादीवरून नावे वाचू लागला. अम्माचे पूर्ण नाव त्याने मोठ्याने उच्चारले तेव्हा बायकांनी इकडे तिकडे पाहिले. ही कोण, असा प्रश्न त्यांना पडला. अम्मा पुढे होऊन म्हणाली, "मीच ती."

रोजगार हमीत सगळे गोड झाले, असे मी म्हणणार नाही. 'रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही' ही म्हण लोकांनीच केली, आणि ती उगाच केली नाही. खोटी मस्टर भरली गेली, मेलेल्या माणसांनी खड्डे खणले, कागदावरचे तलाव कागदावरच आटले. विधिमंडळाची रोजगार हमी समिती गावोगाव जाऊन कामे तपासू लागली, तेव्हा अनेक ठिकाणी आदल्या दिवशी मजूर गोळा केले जात. पण खोट्या मस्टरविरुद्ध ओरडता आले, कारण खरे मस्टर काय असायला हवे ते कायद्यात लिहिलेले होते. मजुरांच्या संघटना त्याच कायद्याचा कागद हातात धरून उभ्या राहिल्या.

पुढे २००५ साली संसदेने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राच्या या अनुभवाचा दाखला दिला गेला. देशाच्या कायद्याची नावे आणि रूपे नंतर बदलत गेली. त्यावर चर्चा होत राहील, व्हायलाही हवी. मला एवढेच म्हणायचे आहे की त्याचे बी विसापूरच्या रानात पेरले गेले आणि त्याला पहिले पाणी १९७२ ते १९७८च्या त्या सभागृहाने घातले.

आपण आमदारांची हजेरी मोजतो, त्यांनी किती प्रश्न विचारले ते मोजतो, त्यांची संपत्ती मोजतो. मोजायलाच हवे. पण एखाद्या सभागृहाची मुदत संपल्यावर आणखी एक हिशेब मांडून बघावा. त्या पाच-सहा वर्षांत त्यांनी असे काय केले, की जे घेऊन एखादी अडाणी बाई कचेरीच्या दारात उभी राहू शकते? आणि असे काय केले, की ज्यामुळे एखाद्या बापाला ज्वारीच्या रानात लपावे लागते? १९७२च्या सभागृहाच्या खात्यावर दोन्ही नोंदी आहेत. माझ्या घरातल्या आहेत, म्हणून मला दोन्ही सांगाव्या लागल्या.

अम्मा जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिच्या पाठीमागे पत्र्याची पेटी उघडली तेव्हा निकाहच्या वेळचे चांदीचे दोन दागिने, अब्बांच्या पिंजणाची तुटलेली तार आणि एक घडी घातलेला कागद निघाला. घडीवर कागद फाटला होता. माझेच अक्षर, सातवीतले, पन्नास नावे, पन्नासांपैकी बहुतेकांचे अंगठे. खाली जांभळा शिक्का आणि तारीख. काम मिळाल्यावर त्या कागदाचा काही उपयोग नव्हता, तरी तिने तो ठेवला होता.

मी तो माझ्या मुलीला दाखवला. ती मुंबईत नोकरी करते. तिने आधी आजीचे नाव शोधले, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत."

आहेत खऱ्या. पण पोच मिळाली होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)